आईच्या डोकेदुखीची फाईल

आईचं डोकं वर्षभर दुखत होतं. ती शहरातल्या कॅम्प-1 वस्तीत एकटी राहायची, मी दूर हुडको कॉलनीत. मी कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवते, म्हणून तिच्या फोनसाठी एक छोटं वेब ॲप बनवलं. डोकं दुखलं की चित्रातल्या डोक्यावर ती जागा बोटानं दाबायची, किती दुखतं ते निवडायचं, दोन शब्द लिहायचे. खाली आलेख दिसायचा. मला वाटलं, झालं काम.

नागपूरच्या डॉक्टरांची वेळ मिळाली, त्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले तर आई फोनवरच्या नोंदी वहीत उतरवत बसलेली.

"हे कावून लिहून राहिली?"

"मंग डॉक्टरले काय दाखवू? तुह्या त्या फोनातून बाहेर काई निघतच नाई."

"मले सांगायचं ना."

"तू थकून येत होती, बाई."

मला फार लाज वाटली. तिथंच स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला आणि डाउनलोडचं बटण बसवलं. पहिली फाईल उतरली ती रकान्यांच्या नुसत्या मथळ्यांची, खाली एकही नोंद नाही. ॲप उघडताच माझा कोड नोंदींची यादी उचलत होता, आणि तेव्हा ती रिकामी असायची. बटण दाबल्यावरच उचलायची, असं केलं. मग नोंदी आल्या, पण आईच्या मराठीची सगळी प्रश्नचिन्हं झालेली. तेही निस्तरलं. जाता जाता तारखेशेजारी वाराचा रकाना टाकला. शेवटी आईनं स्वतः बटण दाबलं.

"कुठी गेली?" ती म्हणाली. फाईल फोनमध्ये कुठं जाऊन बसते ते तिला तीनदा दाखवलं.

नागपुरात डॉक्टर त्या फाईलच्या छापील कागदावरून पेन फिरवत होते. महिनाभर माझ्या मनात एकच शब्द होता, गाठ. तो मी आईसमोर कधी उच्चारला नव्हता.

"स्कॅन तर साफ आहे," ते म्हणाले. "पण आजी, मंगळवारी आणि गुरुवारी तुम्ही काय करता?"

आई पदराशी चाळा करत राहिली. "उपास."

"पाणी?"

"संध्याकाळी पेतो."

मी खुर्चीत मागे टेकले. किती वेळ ताठ बसले होते, ते पाठीला तेव्हा कळलं.

उपास सुटले, आणि महिन्याभरात दुखणं जवळजवळ थांबलं. आई मात्र अजून घासाघीस करते. "गुरुवार तरी ठेवू दे मले."