तेलाच्या नळीवरचा हात

मंगळवार, ११ जून. सकाळी ढगाळ. चादरी धुतल्या, दुपारपर्यंत वाळल्या. स्वयंपाकघरातला नळ गळू लागला आहे. भाऊजी संध्याकाळी बघतो म्हणाले. ते आणि पोरगी लवकरच कारखान्यात गेले. तिच्या पोलादाचा शेवटचा तुकडा आज.

वहिनींच्या रोजनिशीतले हे भाऊजी कारखान्यात ठिणगीबुवा म्हणून ओळखले जात. त्यांचं यंत्रच तसं होतं. तेलात बुडवलेल्या पोलादाजवळ तांब्याचा ठसा आणायचा, मधे केसाएवढी फट ठेवून वीज सोडायची, की ठिणग्या उडतात आणि पोलाद कणाकणाने झडतं. कण फटीत साचले की तडतड थांबून घूं असा आवाज येतो आणि पोलादावर काळा डाग पडतो. बुवांचा हात त्याआधीच तेलाच्या नळीवर गेलेला असे. नळी किंचित वळवली की धार फटीत शिरे, कण वाहून जात. डोळ्यात धूळ जायच्या आत पापणी मिटते, तसं ते होई.

बुवांच्या पोरीची आई ती लहान असतानाच गेली. वाढवलं वहिनींनी, शिकवलं बुवांनी. आता तिच्या शेवटच्या परीक्षेचं काम याच यंत्रावर चाललं होतं. करंट किती, ठिणगी किती वेळ पेटती आणि किती वेळ विझलेली ठेवायची, हे बदलत नऊ तुकडे कोरायचे आणि हिशेबाने शोधायचं, की गुळगुळीतपणा नेमका कशावर ठरतो. मालकांनी आठवडाभर यंत्र दिलं, पोलादाची एक कांब दिली. वर "एवढंच हं" असंही बजावलं.

"बाबा, तुम्ही फक्त चालू-बंद करायचं," पोरीने सांगितलं होतं.

"जशी आज्ञा, साहेब."

ती पलीकडच्या खोलीत तुकडे तोलायला तराजूपाशी बसली आणि बुवांनी नऊ तुकडे कोरले. नऊही जुळ्या भावांसारखे, एकसारखे गुळगुळीत निघाले. पोरीचे सर फोनवर हसले, "करंट एवढा वाढवूनही फरक नाही? पोलाद कोरलंस की साबण? सगळ्यात जास्त करंटची, सगळ्यात वाईट मांडणी पुन्हा करून बघ. तुकडा तसाच निघाला तर मानतो. नाहीतर परीक्षा पुढच्या वर्षी."

कांबेचं टोक तेवढं उरलं होतं. उद्यापासून यंत्र गिऱ्हाइकांच्या कामाला जाणार होतं.

"मधे काही केलं होतंत का, बाबा?" पोरीने सकाळी वाटेत विचारलं.

"छे गं! मी काय करणार?" बुवा अगदी मनापासून म्हणाले.

आज ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. बुवांनी हात पाठीमागे बांधले. तडतड सुरू झाली, छान चालली, मग आवाज जडावला. बुवांनी ओठ आवळले. पुढच्या क्षणी बाहीतून कोपरापर्यंत तेल ओघळलं, तेव्हा त्यांना कळलं, की हात नळीवर आहे. तडतड पुन्हा मोकळी झाली होती.

पोरीने यंत्र बंद केलं.

"प्रत्येक वेळी असंच केलंत?"

"माहीत नाही गं. केलंच असेल." बुवा हात पुसत राहिले. "तुझा तुकडा जळताना बघायचा तरी कसा?"

"जळू द्यायचा होता, बाबा. कुठे जळतो, तेच तर शोधत होते."

"बरं, आजचा तर चांगला निघाला. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने तुकडा पुसून कागदात गुंडाळला. पाठ वळवूनच म्हणाली, "तुम्ही घरी जा. मी सरांना फोन करते."

बुवा भर दुपारी घरी आले. वहिनींनी चहा ठेवला, दोन-चार प्रश्नांत सगळं काढून घेतलं.

"आपलंच पोर आहे. होईल पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी पोलाद कोण देणार, वहिनी? आणि यंत्रावर उभं कोण राहणार? मी?"

आत नळ टपटपत होता. एरवी बुवा कपही खाली न ठेवता पाना घेऊन उठले असते. आज ते दोन्ही हात मांडीखाली दाबून खुर्चीत बसून राहिले. पोरगी दिवेलागणीला आली, न जेवता झोपली.

वहिनींनी रोजनिशीच्या त्याच पानावर खाली लिहिलं: नळ अजून गळतो आहे. खाली पातेलं ठेवलं.