विमानाचा धूर आणि आमचं दूध केंद्र

तलवाड्याजवळच्या आमच्या गावात सहकारी दूध केंद्र आहे. तिथं मी बावीस वर्षं दूध तपासलं. कॅन ठेवून मुकाट निघून गेलेला एकही माणूस मला आठवत नाही. दुष्काळात तर कॅन अर्धे आणि गप्पा काठोकाठ! म्हणून एवढे किस्से साठले.

*

त्या वर्षी ढग यायचे आणि पांगायचे. रोज सकाळी एक विमान मात्र आभाळात लांब पांढरी रेघ ओढून जायचं. विमानाच्या धुरानंच पाऊस पळतो, असं आमचे चेअरमन नामदेवअप्पा यांनी ठरवून टाकलं.

"कलेक्टरला अर्ज देऊ. म्हणावं, इमानं नगरवरून न्या!"

सखुकाकू दूध ओतत होत्या. "अन् नगरवाल्यांनी काय घोडं मारलं, अप्पा?"

"त्यांना कालवे हायेत!"

*

माझा मुलगा दत्ता लांबच्या शहरात विमानतळावर कामाला. विमानात सामान चढवायचं. सुट्टीला आला तो केंद्रावर भेटायला आला.

दुधाला कसलाही वास चटकन लागतो. त्यामुळं झाकण उघडलं की आधी हुंगायचं, ही आमची सवय. अप्पांनी दत्तालाच हुंगलं!

"काय बे, इमानावर हायस का रॉकेलच्या दुकानात?"

"अप्पा, इमानाचं तेल रॉकेलच्याच जातीचं असतंय."

रांगेतून सखुकाकू ओरडल्या, "राशनचं रॉकेल कुठं जातंय ते आज कळलं!"

*

मग दत्तानं सगळ्यांना समजावलं. "ती रेघ म्हंजे वाफेचा बर्फ. आपला पाऊस ती पळवत न्हाई. खरा तरास खाली हाय. इंजिन चालू असतंय अन् आमी मागं उभे. लई बारीक धूर, डोळ्याला दिसत बी न्हाई."

अप्पांनी अर्ज फाडला आणि लगेच दुसरा सांगायला घेतला. "लिहा! इमानं ढकलत न्यावी. इंजिन वर गेल्यावर चालू करावं!"

सगळे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. बोलता बोलता दत्ता तीनदा खोकला होता.

*

परत गेला तरी फोनवर खोकला ऐकू यायचाच. शेवटी डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला.

त्या आठवड्यात मी सखुकाकूंचा एकच कॅन दोनदा तपासला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच झाकण उघडून दिलं.

*

आणि एका सकाळी दत्ता बसमधून उतरून थेट केंद्रावर आला. "आबा, छाती साफ हाय. अन् सायबानं मला आत घेतलंय, सामानाच्या पट्ट्यावर. आता इंजिनापाशी जायचं न्हाई."

तपासून चांगल्या निघालेल्या कॅनवर आम्ही खडूनं 'पास' लिहितो. तो खडू माझ्या हातातच होता. दत्ता अप्पांच्या पाया पडायला वाकला, तेवढ्यात मी त्याच्या निळ्या शर्टावर पाठीमागं लिहून टाकलं.

दिवसभर तो गावात तसाच फिरला. एकानंही त्याला सांगितलं नाही!

चार दिवसांनी निघताना तो पिशवी भरत होता.

"माय, ह्यो निळा शर्ट कावून धुतला न्हाईस?"

"पाणी कुठं हाय, बाबा," ती म्हणाली.

पाण्याचा टँकर दारातच उभा होता. दोरीवर त्याचे बाकीचे चार शर्ट वाळत होते.