क्रिसांताने लावलेलं रान

मिचोआकान प्रांताच्या डोंगरातल्या क्रिसांताचं सासर लाकूडतोड्यांचं. नवरा सिरिलो ओयामेलची उंच, सुईपानी झाडं पाडायचा. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारी केशरी फुलपाखरं त्याच झाडांना घोसांसारखी लगडायची.

एका जानेवारीत पाऊस झाला, पाठोपाठ कडाक्याची थंडी पडली. रान जिथे विरळ केलं होतं, तिथे सकाळी घोटा बुडेल इतकी फुलपाखरं मरून पडलेली. सिरिलो म्हणाला, "क्रिसांता, यांच्या अंगावरचं पांघरूण आपणच ओढून काढलं गं."

त्याने पुन्हा झाड पाडलं नाही. मक्याच्या शेतावर आणि दुसऱ्यांकडच्या मजुरीवर दोघांनी कसंबसं भागवलं आणि उघड्या उतारावर रोपं लावली. ती सगळी उन्हाने करपली. धाकटा दीर एवोदियो येताजाता टोमणा मारी, "वहिनी, झाडं लावताय की सरपण वाळत घालताय?"

पुढच्या पावसाळ्यात क्रिसांताने एकेक रोप काटेरी झुडपाच्या सावलीला लावलं. ती रोपं तगली. मात्र ती सिरिलोच्या कमरेला लागायच्या आतच तो छातीच्या दुखण्याने गेला. मुलगा लहान, म्हणून क्रिसांता एकटीच भोवतालचं गवत काढत राहिली.

मग एका एप्रिलात खालच्या शेतातली आग वाऱ्याने वर चढली. क्रिसांता कुदळ घेऊन धावली. धुरात खोकत खणताना मागे पावलं वाजली. फावडी, कोयते घेऊन अख्खा गाव आला होता, पुढे एवोदियो.

"तुम्ही, भावजी?"

"ही झाडं जळाली तर मी टोमणे कुणाला मारू? सरका, वहिनी!"

सगळ्यांनी मिळून गवत खरवडून मातीचा पट्टा काढला. आग तिथवर येऊन विझली.

क्रिसांताला सून आली, नातवंडं झाली. एका नोव्हेंबरात ती उतारावर गेली आणि थबकलीच. तिच्या ओयामेलच्या फांद्या केशरी ओझ्याने वाकल्या होत्या. ती थेट एवोदियोच्या दारात गेली आणि त्याला हाताला धरून वर घेऊन आली. त्याने टोपी काढली.

"भावजी, त्या दिवशी तुम्ही आला नसतात, तर…"

"पुरे, वहिनी. रडवाल मला. शालीत काही खायला बांधलंय का?"

तिने वाटेत घरून घेतलेले गरम तामाल, मक्याच्या पिठाचे उकडलेले मुटके, शालीतून काढले. ऊन वर आलं, तशी फुलपाखरं उडू लागली. हजारो पंखांची सळसळ ऐकत दोघं जेवली. क्रिसांता मनातल्या मनात देवाचे, पावसाचे, त्या काटेरी झुडपांचेही आभार मानत होती.