लाल शिडांचं जहाज आणि काकांची पट्टी

भूतबित, भानामती यांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. ‘गेम खेळून याचं डोकं फिरलंय’ असं म्हणणार असाल तर खुशाल म्हणा, बायको रोज म्हणते.

खामगाव, मे महिना. शाळेला सुट्टी, बाहेर पाऊल टाकवत नाही असं ऊन. पुढच्या खोलीत कूलर आणि त्याच्यासमोर मी. समुद्री चाच्यांचा एक गेम खेळत होतो. त्यात शत्रूचं एक जहाज आहे — लाल शिडं, तीन मजले नुसत्या तोफा. धुक्यातून कुठूनही येतं आणि आपला भुगा करून जातं. महिनाभर मी रोज बुडत होतो! व्हिडिओ पाहिले, तोफा वाढवल्या... उपयोग शून्य.

त्यात काका डोळ्याच्या ऑपरेशनला आमच्याकडे आले. आमचं गाव संग्रामपूरजवळ, काका तिथे वांगी-मिरची करतात. त्यांचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला, आता डाव्यात मोतीबिंदू. म्हणजे ऑपरेशन बिघडलं तर कायमचा अंधार. ऑपरेशन झालं. पट्टी एरवी एका दिवसात निघते, पण सूज होती म्हणून डॉक्टरांनी तीन दिवस ठेवली. काका माझ्या मागे पलंगावर पडून असत. धड जेवत नव्हते, बोलत नव्हते. मी सोबत म्हणून तिथेच बसायचो — हेडफोनचा एक कान काकांसाठी मोकळा ठेवून.

पहिल्याच दुपारी मागून आवाज आला. ‘‘गजू, डाव्या हाताले पाह्य. आलं.’’

‘‘काय आलं, काका?’’

‘‘लाल शिडाचं.’’

स्क्रीनवर नुसतं धुकं. मला वाटलं, गोळ्यांची गुंगी असेल... आणि डावीकडून ते जहाज निघालं! लाल शिडांबद्दल मी त्यांना कधी बोललो नव्हतो. बायकोला तर गेमचं नावही माहीत नाही.

पुढे दर वेळी हेच. आवाज पूर्ण बंद केला, स्क्रीन पलंगावरून दिसणार नाही अशी फिरवली, पट्टी तपासली — घट्ट. तरी मागून ‘आलं!’ यायचंच. अशी चिडचिड झाली म्हणून सांगू... महिनाभर मरतोय मी, आणि ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही ते मला शिकवणार!

‘‘तुमाले कसं समजते, काका?’’

‘‘तू चालव ना बे. थांब, त्याले वळू दे. आता मांगून जाय.’’

तिसऱ्या दुपारी हट्ट सोडला. ते थांब म्हणाले, थांबलो. मागून जा म्हणाले, गेलो. पहिल्यांदाच ते जहाज माझ्यासमोर उघडं पडलं होतं. मी सगळ्या तोफा डागल्या. जहाज मधोमध मोडलं.

‘‘बुडवलं, काका!’’ मी ओरडलोच.

काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. दिसलं! काका डॉक्टरांचा हात धरून रडले. घरी आल्यावर म्हणाले, कॉम्प्युटर लाव. लढाई रेकॉर्ड झाली होती, ती मी हौसेनं दाखवली. स्क्रीनला नाक लागेल इतक्या जवळून ते जहाज बघत राहिले.

‘‘यावरचा मानूस कुठं हाय?’’

‘‘कोन्ता मानूस?’’

‘‘तोच तर मले सांगे, कुठून येतो, कसा वळतो. तीन दिवस बोलत होता माह्याशी. अंधारात मीबी एकटाच हाव म्हने.’’ मग माझ्याकडे वळले. ‘‘मले वाटलं, तू त्याले घ्यायले जाऊन राह्यला. काऊन बुडवलं बे?’’

नंतर मी ते रेकॉर्डिंग थांबवून थांबवून पाहिलं. त्या जहाजावर माणसं दाखवलेलीच नाहीत. एकही नाही.

डॉक्टर म्हणतात औषधाचा परिणाम. मित्र म्हणतो योगायोग. अहो, योगायोग एकदा होतो, तीन दिवस नाही होत! आणि लाल शिडांचं काय?

काका आता गावी आहेत. परवा फोन आला, तेव्हा मी विचारलं, डोळ्यात थेंब टाकता ना?

‘‘टाकतो. पन मले एक सांग गजू... त्याले पोहता येत असन काय?’’

वैतागून ‘हाव, येते’ म्हणालो आणि फोन ठेवला. खरं बोललो की खोटं, ते मला अजूनही माहीत नाही.