सव्वा मूठ गहू

समाजशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. लग्नाला जा, बारशाला जा, नाहीतर भाजी घ्यायला जा, डोक्यात व्याख्या सुरू. समोरची बाई भोपळा निवडत असते आणि मी मनात ठरवत असते की ही एकत्र कुटुंबातली की विभक्त. भोपळ्याच्या आकारावरून बरोबर कळतं, हे मात्र मी अनुभवाने सांगते.

कोकणातून सिल्वासाला नोकरीला आले तेव्हा दोन वर्षांत बदली करून घेईन म्हणत होते. त्या दोन वर्षांची आता एकोणीस झाली. सरकारी क्वार्टरमध्ये एकटीच राहते आणि अकरावी-बारावीला कुटुंब, धर्म, वांशिकता, जागतिक विषमता अशी प्रकरणं शिकवते. खरं तर या गावात हे प्रकरण-बिकरण पुस्तकातून काढायची गरजच नाही. माझ्या वर्गात एका बाकावर धुळ्याची मुलगी, ओडिशाचा मुलगा आणि सुरंगी गावची वारली मुलगी बसतात, डबा उघडला की तिघं एकमेकांच्या भाजीला नावं ठेवतात आणि पाच मिनिटांत तिन्ही डबे रिकामे. पण मी पुस्तकाची माणूस. पुस्तकात जे आहे ते फळ्यावर आलंच पाहिजे.

तर दरवर्षी जूनमध्ये मी फळ्यावर माझ्याच घराचा नात्यांचा तक्ता काढते. पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, लग्नाला बरोबरचं चिन्ह, मुलांना खाली उभी रेघ. चार पिढ्या, एक्केचाळीस माणसं. फळा भरला की मागे सरकून बघायला मला फार आवडतं. त्यातली निम्मी माणसं मला रस्त्यात भेटली तर ओळखणार नाहीत, हे मी मुलांना सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी बारावीच्या मुलांना तसाच तक्ता आपापल्या घराचा काढून आणायला सांगितला. नरोलीहून येणाऱ्या एका मुलीचा तक्ता बघून माझं डोकं फिरलं. आईवडील दोघं खानदेशातले, सूत बनवणाऱ्या कंपनीत कामाला, राहायला चाळीत भाड्याची एक खोली. तक्त्यात आई, वडील, ती स्वतः, गावाकडचे दोन काका, इथवर ठीक. पण त्यांच्या बाजूला एक गोल, खाली लिहिलेलं ‘मावशी’. चौकशी केली तर ही मावशी म्हणजे चाळीची मालकीण, वारली समाजातली. दुसऱ्या बाजूला एक त्रिकोण, ‘चाचा’. हा शेजारच्या खोलीतला उत्तर प्रदेशचा मुसलमान कारागीर. आणि या दोघांना घराशी जोडायला पोरीने स्वतःच्या मनाने एक तुटक-तुटक रेघ शोधून काढलेली.

“ही कसली रेघ?”

“मॅडम, एक सिलिंडर,” ती म्हणाली. “आमचा संपला की त्यांचा, त्यांचा संपला की आमचा.”

वर्ग हसला. मी हसले नाही. लाल पेन काढलं, तुटक रेघांवर फुल्या मारल्या आणि बाजूला लिहिलं, ‘असे चिन्ह नाही. मावशी म्हणजे आईची बहीण. या कोण?’ दहापैकी चार दिले आणि दुरुस्त करून आण म्हटलं. पोरगी गोड, हुशार, पण जरा हट्टी. दुरुस्ती काही आली नाही.

जुलैअखेर आम्ही जागतिक विषमतेवर आलो. मी फळ्यावर दोन गोल काढले, श्रीमंत देश आणि गरीब देश, आणि मध्ये बाण. तिकडच्या दुकानात एक निर्णय झाला की इकडच्या कारखान्यात त्याचे परिणाम कसे होतात, वगैरे. माझं हे व्याख्यान चांगलं होतं, मला ठाऊक आहे. तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली आणि म्हणाली, “मॅडम, तो बाण आमच्या घरात आला.”

परदेशातल्या पार्टीने ऑर्डर थांबवली होती. आईवडील ज्या लाइनवर होते ती लाइनच बंद होणार होती. श्रावण झाला की दोघं गावी परत निघणार, आणि तिलाही नेणार. तिकडे बोर्ड वेगळं, विषय वेगळे, बारावीचं वर्ष पाण्यात. आणि वर्ष वाया गेलेल्या मुलीसाठी काकांनी आताच स्थळं बघायला घेतली होती. मालकीण म्हणत होती, पोरीला मार्चपर्यंत माझ्याकडे राहू दे. आई तयार. वडील मात्र ऐकत नव्हते. “तुम्ही या ना घरी, शनिवारी पप्पा असतात,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी शिक्षिका, मी वही शोधायचं नाटक केलं.

शनिवारी गेले तर घरात गडबड. दुसऱ्या दिवशी रविवारी त्यांच्या कानबाईची स्थापना. हा खानदेशातला श्रावणातला सण मला नावाने माहीत होता, आतून नाही. आईने घाईघाईत समजावलं. कानबाईपुढे रोट करतात, म्हणजे नैवेद्याच्या पुऱ्या-पोळ्या. त्यासाठी आदल्या दिवशी घरातला कर्ता माणूस गहू मोजतो. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ. जितकी माणसं तितक्या मुठी, आणि रोट खायचा तो फक्त त्याच माणसांनी. बाहेरच्याला खीर देतील, भोपळ्याची भाजी देतील, रोट नाही. काही घरांत बायकांची मूठ काढत नाहीत, पण आमच्यात काढतात, हे तिने जरा ठसक्यात सांगितलं. माझ्या डोक्यात अर्थातच व्याख्या सुरू झाली.

मालकीण बाहेर ओट्यावर भोपळा चिरत बसली होती. पंचेचाळिशीची, सडसडीत, चाळीमागे उरलेल्या भाताच्या शेतात अजून स्वतः उतरणारी. आठ वर्षं या दिवशी ती उंबऱ्याच्या आत येत नव्हती. कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच कळत होतं. शेजारचा चाचा दारात रिकामा डबा घेऊन उभा. मोजलेले गहू गिरणीत नेणं हे दरवर्षी त्याचं काम. गिरणीवाल्याला आधी जातं धुवायला लावायचं आणि मगच दळून घ्यायचं, याबाबतीत तो घरच्यांपेक्षा कडक होता.

मी विषय काढला. मुलगी किती हुशार, वर्ष किती महत्त्वाचं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “मॅडम, तुम्हनं खरं शे. पन परकाना घर पोर कशी ठेवू? भाऊबंद काय म्हनतीन?”

मी आणखी बोलले. समाज बदलतोय, कुटुंबाचं स्वरूप बदलतंय, पुस्तकातलं सगळं काढलं. ते मान डोलवत राहिले. मान डोलवणाऱ्या माणसापुढे माझं काही चालत नाही.

तेवढ्यात मुलीने दप्तरातून तो तक्ता काढला. मला वाटलं, आता दुरुस्ती देणार. तसं काही नव्हतं. तिने तो वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाली, “पप्पा, मॅडमनी चार मार्क दिले.”

त्यांनी तक्ता उजेडात धरला. बोटाने एकेक ओळ वाचली. लाल शाईपाशी बोट थांबलं.

“‘या कोण?’” त्यांनी मोठ्याने वाचलं. माझ्याकडे बघितलं. “मॅडम, हाई तुम्ही लिखं?”

मी हो म्हटलं. नाही कशी म्हणणार, खाली सही होती.

“या कोण?” आवाज चढला. “पोरले डेंगू व्हयना तव्हय मी नाइटले, हिनी माय फस्ट शिपले. तीन दिन दवाखानामा कोन बठनं? पोरना केस कोन इचरे? कोरोनामा घरभाडं राहू द्या म्हने, आनि वरथीन तांदूळ कोनी दिनात? आनि तुम्ही इचारतस, या कोण!”

बाहेर भोपळ्यावरची सुरी थांबली. मी आयुष्यात इतकी व्यवस्थित बोलणी कोणाकडून खाल्ली नव्हती, आणि खोटं कशाला सांगू, मला अतिशय आनंद होत होता. माणूस स्वतःच्याच तोंडाने अडकला होता आणि ते त्याच्या अजून ध्यानात यायचं होतं.

ते ध्यानात आणून दिलं बायकोने. सुपातले गहू पुढे सरकवत ती हळूच म्हणाली, “मंग मूठ काढा ना.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पोरीकडे पाहिलं. दाराबाहेर दिसणाऱ्या मालकिणीच्या पाठीकडे पाहिलं. मग मांडी नीट घालून बसले. कुलदैवताची पहिली मूठ, मग स्वतःची, बायकोची, पोरीची, गावाकडच्या भावांची, त्यांच्या मुलांची. दर मुठीवर पाव मूठ वर. मग हात गव्हातच राहिला. एका मुठीवर पोरीचं सगळं वर्ष अडलं होतं.

“ताईना नावनी,” ते म्हणाले आणि मूठ भरून काढली. वर पाव मूठ टाकली. ती चांगली अर्धी होती.

पोरगी ओक्साबोक्शी रडायला लागली आणि रडता रडता हसत होती. मालकीण दारात आली, हातात सुरी तशीच. “माझी मूठ कशाला काढलीस रे भाऊ? मी खायला बसले त तुम्हाला उरेल काय?” एवढं बोलून पदर डोळ्यांना लावला. आठ वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी ती उंबऱ्याच्या आत बसली.

“और मेरा?” दारातून आवाज आला. “हर साल आटा मैं ढोऊँ और रोट तुम लोग खाओ! मेरी तो पूरी बोरी बनती है.”

सगळे इतके हसलो की सूप कलंडायची वेळ आली. चाचाचीही सव्वा मूठ निघाली, आणि तो ते गहू घेऊन गिरणीवाल्याशी भांडायला आनंदाने निघून गेला.

माझी मूठ निघाली नाही. निघेल असं मला उगाचच वाटलं होतं, मी जरा रेंगाळलेही. दुसऱ्या दिवशी मुलगी क्वार्टरवर डब्यात खीर घेऊन आली. रोट नव्हता. नियम म्हणजे नियम. खीर मात्र उत्तम होती आणि मी ती एकटीनेच संपवली. मग तक्ता मागून घेतला, फुल्यांवर पांढरी शाई लावली आणि चाराचे दहा केले.

सोमवारी वडील मुलीला घेऊन शाळेच्या ऑफिसात आले. पालक गावात नसताना मुलीची जबाबदारी कोणाची, याचा फॉर्म भरायचा होता. त्यांनी मालकिणीचं नाव लिहिलं, आणि ‘नाते’ या रकान्यात, दोनदा पेन टेकवून, एक शब्द लिहिला, ‘भाऊबंद’. आमचे क्लार्क गुजराती. त्यांनी चष्मा वर केला, नाव वाचलं, आडनाव वाचलं, वडिलांचं आडनाव वाचलं आणि मला हाक मारून अर्थ विचारला.

“बेन, आ शुं लख्युं छे? भाऊबंद एटले?”

वडील माझ्याकडे बघत होते. मुलगीही बघत होती. तोवर सतरा वर्षं मी नात्यांच्या व्याख्या शिकवत आले होते, लाल पेन तेव्हाही खिशात होतं.

“सही करो,” मी म्हटलं. “घरनां ज छे.”