एकटीनं पाहायचा पिक्चर

चहा घ्या आधी, मग सांगते. माझ्या फजित्या तशा पुष्कळ आहेत, त्यातल्या निम्म्या तर आमच्या फॅक्टरीच्या वसाहतीत, जवाहरनगरात, सगळ्यांना पाठ आहेत. ही मात्र लोकांना अर्धीच माहीत आहे, आणि तीही चुकीची अर्धी.

मी तिथल्या दवाखान्यात औषधं द्यायला बसते. खिडकीच्या आत मी, बाहेर रांग. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारणारे दमले आणि आपापल्या नातवंडांत रमले. खरं कारण मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. मला बायकाच आवडतात. पण हे सांगायचं कोणाला?

समोरच्या क्वार्टरमध्ये वैशाली राहायची. नवरा फॅक्टरीत, ती घरी शिकवण्या घ्यायची. संध्याकाळी फॅक्टरीच्या बसेस गेल्या की आम्ही दोघी फिरायला निघायचो. ती बोलायची, मी ऐकायची. वांगी महाग झाली असं जरी ती म्हणाली, तरी घरी येऊन मी ते पुन्हा पुन्हा आठवत बसायची. आता यावर काय बोलणार? ज्याला झालंय त्याला कळेल.

त्या हिवाळ्यात दोन गोष्टी झाल्या. तिच्या नवऱ्याची दुसऱ्या राज्यात बदली निघाली. आणि वैशाली अंगणात घसरून पडली, पायाला प्लास्टर बसलं. सामानाच्या बांधाबांधीला दिघोरीहून सासू आली आणि वैशाली पलंगावर, टीव्हीसमोर.

"मंदा, घरी बसल्या बसल्या काय पाहू, सांग ना वो," ती म्हणाली. "तुले पिक्चरचं चांगलं समजते."

समजत-बिमजत काही नाही. एकट्या बाईच्या घरी टीव्ही आणि इंटरनेट असलं की ज्ञान आपोआप वाढतं. मी रोज ड्युटीवरून येताना एक पिक्चर सुचवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून तोच ऐकायची. आधी सांगितला, रिटायर झाल्यावर जहाजावर नोकरी धरणाऱ्या एका आचाऱ्याचा. तिला आवडला. मग बापलेकीच्या बुद्धिबळाचा. तोही आवडला. मग धीर करून जरा वेगळा सांगितला. एका गावातले दोन जिवलग मित्र. एकाचा दुसऱ्यावर जीव जडलेला. दुसऱ्याचं लग्न ठरतं आणि हा त्याच्या वरातीत सगळ्यांच्या पुढे नाचतो.

दुसऱ्या दिवशी गेले तर वैशालीचे डोळे सुजलेले.

"किती नाचला वो तो," ती म्हणाली. "पण बोलला काहून नाही? बोलून टाकायचं ना. काय झालं असतं जास्तीत जास्त?"

आता तुम्हीच सांगा, मी यातून काय समजायचं? पुढच्या दिवशी सकाळी दवाखान्यात खोकल्याच्या रांगेला मी अशी हसून औषधं देत होते की लोक मागे वळून वळून पाहत होते.

त्याच संध्याकाळी तिला पुढचा पिक्चर सांगितला. डोंगरातलं गाव, एक नर्स, एक शिलाईकाम करणारी बाई, आणि त्या दोघींचं प्रेम. पण गोष्ट काही मी उघड केली नाही. एवढंच म्हटलं, "हा मात्र एकटीनं पाहा. आणि पाहून झाला की मले बोलाव. तुझ्याशी बोलायचं आहे." आवाज जरा कापला असेल माझा.

स्वयंपाकघरात सासूबाई होत्या. त्यांच्या कानावर एवढंच पडलं: एकटीनं पाहा, आणि तो कापरा आवाज.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, लवकर ये. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आरशासमोर उभी राहून वाक्य म्हणून पाहिलं. ठेवणीतली हिरवी साडी नेसले. समोर पोचले तर दाराबाहेर चपलांचा ढीग.

आत आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या सगळ्या बायका जमलेल्या. भर दुपारी दिवे लावलेले, खिडक्या सताड उघड्या, आणि टीव्हीच्या वर लिंबू-मिरची.

"ये मंदा, तुह्याचसाठी थांबलो," सासूबाई म्हणाल्या. "भुताचा पिच्चर एकटीनं पाहाले लावते का कोणी? पोरीचा पाय मोडला हाये, पळता बी नाही येत तिले. मी म्हटलं, सगळ्याइले बोलवा."

"भुताचा कोण म्हणालं?"

"मंग एकटीनं पाहा, असं काहून म्हटलंस?"

याचं उत्तर होतं माझ्याकडे, पण ते मी एकट्या वैशालीसाठी आणलं होतं. वैशालीनं पलंगावर सरकून जागा केली. "माझ्याजवळ बस. मले खरंच भेव लागून राहिलं," म्हणाली आणि माझा हात धरला. मी बसले. तो हात सोडवून मी कुठे जाणार होते?

पिक्चर सुरू झाला. हिंदीत होता, त्यामुळे सगळ्यांना समजत होता, हे आणखी वाईट. धुकं आलं. "आलं," कोणीतरी कुजबुजलं. लाकडी जिना करकरला. शेजारच्या शोभाताईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. आणि मग तो प्रसंग आला, ज्याच्यासाठी मी हा पिक्चर निवडला होता. शिलाईवाली नर्सच्या ब्लाउजचं माप घेते. टेप गळ्याभोवती फिरवते आणि तिचे हात तिथेच थांबतात. दोघी नुसत्या एकमेकींकडे पाहत राहतात. घरी मी तो प्रसंग किती वेळा पाहिला असेल, विचारू नका.

"आता आवळते पाहा गळा," सासूबाई म्हणाल्या.

"हेच भूत आहे," शोभाताई पदराआडून म्हणाल्या. "मघापासून पाय दाखवून नाही राहिले तिचे."

वैशालीनं माझ्या दंडात नखं रुतवली आणि डोकं खांद्यात खुपसलं. भीतीनंच, पण माझ्या खांद्यात. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. पडद्यावर त्या दोघी, पलंगावर आम्ही दोघी, आणि भोवती भुताची वाट पाहत बसलेल्या बायका. मला वाटलं, हा पिक्चर संपूच नये.

गळा काही आवळला गेला नाही. शिलाईवालीनं पुढे होऊन नर्सचं चुंबन घेतलं.

शोभाताईंनी तोंडातला पदर काढला. एकीला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं, ती उठून गेली. बाकीच्या बसून राहिल्या. शेवटी त्या दोघी एकाच घरात, एकाच चुलीपाशी म्हाताऱ्या होतात, एवढंच. पिक्चर संपला.

"म्हंजे ह्या दोघी नवरा-बायकोवानी राहतेत?" सासूबाईंनी मला विचारलं.

"हो."

"सुखानं राहतेत?"

"हो."

"मंग यात भेवाचं काय हाये?" म्हणाल्या, आणि चहा ठेवायला गेल्या.

बायका पांगल्या. वैशाली आणि मी उरलो. तिचा हात अजून माझ्या हातात होता. मी आरशासमोरचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "चांगला होता वो. पण तिकडे असते असं. आपल्या इकडे थोडीच असते?"

वाईट असं काही म्हणाली नाही. अमुक जातीचं धान आपल्या जमिनीत होत नाही, असं म्हणावं तसं म्हणाली. मी हिरव्या साडीच्या निऱ्या सारख्या करत बसले.

"बरं, तुले बोलायचं होतं ना?" तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "थांब. कोणी आवडते ना तुले? साडीवरूनच समजलं मले. सांग, कोण आहे?"

मी घाबरले. उशीपाशी तिच्या गोळ्यांची चिठ्ठी पडली होती, आमच्या डॉक्टरांच्या अक्षरातली. तोंडून निघून गेलं, "डॉक्टर साहेब."

डॉक्टर साहेब म्हणजे रिटायरमेंटला टेकलेले विधुर गृहस्थ, स्वेटरवर स्वेटर घालणारे. पण वैशालीला इतका आनंद झाला की प्लास्टर विसरून ती उठायलाच निघाली होती.

मला वाटलं, बदलीच्या गडबडीत विसरून जाईल. पण प्लास्टर निघाल्यावर ती काठी टेकत पहिल्यांदा कुठे गेली असेल? माझ्या खिडकीसमोरून, मला डोळा मारून, थेट डॉक्टरांच्या खोलीत.

थोड्या वेळानं डॉक्टर साहेब खिडकीपाशी आले. रांगेला जरा सरकायला सांगितलं. घसा साफ केला.

"मंदाताई, तुमच्याविषयी मला फार आदर आहे," ते म्हणाले. "पण माझ्या मनात तसं काही नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"नाही घेत, साहेब."

"आणि रडू येत असेल तर आज घरी गेलात तरी चालेल."

खोकल्याची अख्खी रांग ऐकत होती. डॉक्टरांनी मंदाला नाही म्हटलं, हे संध्याकाळपर्यंत गेटवरच्या भाजीवालीला कळलं होतं. तेव्हापासून ती मला कोथिंबीर फुकट देते.

वैशाली गेली त्या सकाळी सामानाचा ट्रक पुढे निघून गेला होता. नवरा गाडीत बसला, सासूबाई बसल्या. ती हळूहळू चालत माझ्याकडे आली आणि माझा चेहरा पाहून तिलाच रडू फुटलं. मला तर आधीच फुटलं होतं.

"माझ्यामुळे झालं वो हे," ती म्हणाली आणि सगळ्या लाइनीसमोर तिनं मला घट्ट मिठी मारली. "नको रडू त्या माणसासाठी. तुझ्या लायकीचाच नव्हता तो. विसरून जा."

"कसं विसरू वो?" मी म्हटलं, आणि तिच्या गळ्यात पडून डॉक्टरांच्या नावानं पोटभर रडून घेतलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता. वाजवू दे म्हटलं.