बारवीच्या रानात खाकी

आमचा ट्रक कॉलेजच्या मैदानातून निघाला तेव्हा उल्हासनगरची दुकानं अजून उघडायची होती. थंडीचे दिवस. मागच्या फळ्यांवर छात्रसेनेच्या आम्ही मुली दाटीवाटीने बसलेल्या, आणि खाकी शर्टाला एवढी खळ की हात वाकवला तरी करकर व्हावी. शिबिराचा तळ बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या रानाला लागून होता. तिथे पोहोचण्याआधीच माझी परीक्षा होती.

तिच्याबद्दल आधी सांगते. सैन्याने मुलींना अधिकारी म्हणून घ्यायला तेव्हा नुकतीच सुरुवात केली होती आणि बी.एस्सी. संपताच मला तो अर्ज भरायचा होता. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मॅनेजर. त्यांचं म्हणणं, "अधिकाऱ्याचा वचक लागतो, वैशू. तुझं तर घरातलं मांजर ऐकत नाही." बरीच वादावादी होऊन शेवटी तह झाला. छात्रसेनेतला सर्वांत वरचा हुद्दा मिळवला तर अर्ज भरायचा, नाहीतर मुकाट्याने बँकेच्या परीक्षांना बसायचं. त्या हुद्द्यासाठी आता दोघीच उरलो होतो, मी आणि दुसऱ्या तुकडीची प्रमुख. दोन्ही तुकड्यांनी वेगवेगळ्या वाटांनी, नकाशा बघत रान ओलांडायचं. जिची तुकडी तळावर आधी पोहोचेल, हुद्दा तिचा.

बदलापूरच्या बेलवलीला आम्हाला उतरवलं. आम्हाला कवायत शिकवणारे सुभेदारसाहेब कुमाऊँचे. नकाशा हातात देत ते एवढंच म्हणाले, "बेटा, सबको साथ लेकर आना. एक भी पीछे छूटी तो पहुँचना नहीं माना जाएगा."

आम्ही आठ जणी निघालो. उल्हास नदीचा पूल ओलांडला तेव्हा पाण्यावर अजून धुकं होतं. पलीकडे भात कापून झालेली शेतं, आणि त्याच ओलीवर पेरलेला वाल चांगला तरारला होता. माझ्या शेजारी कविता चालत होती. ती उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधली (तिथल्या वस्त्यांना कॅम्पच म्हणतात), वडिलांचं कापडाचं दुकान. "हम तो पैदाच कॅम्पमध्ये झालो," ती म्हणाली, "अजून कितने कॅम्प करायचे, यार?" चढणीच्या आधी तिने डबा उघडला. आत कोकी (कांदा घातलेली जाड, खरपूस सिंधी पोळी) आणि लोणचं. आईने दिलेल्या माझ्या पोळीभाजीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, माझ्यासकट.

पुढे साग सुरू झाला. पानं वाळून पडलेली, त्यामुळे पावलांचा आवाज लांबपर्यंत जात असावा. नकाशावरचा ओढा जिथे हवा तिथेच सापडला आणि मला हुरूप आला. आम्ही वेळेच्या पुढे होतो. मी मनातल्या मनात अर्जसुद्धा भरून टाकला होता.

खिंडीत वळलो, तर समोरून पाच-सहा बायका डोक्यावर मोळ्या घेऊन येत होत्या. आम्हाला बघताच त्या थबकल्या. मी हात वर करून हसले. त्यासरशी धडाधड मोळ्या खाली पडल्या आणि बायका झाडीत पसार झाल्या. एक तेवढी मागे राहिली. पळताना तिचा पाय मुरगळला होता. वयाने माझ्या आईहून मोठी असेल. मी धावत जवळ गेले तशी तिने हात जोडले.

"साहेब, लाकडं न्या. कोयता तेवढा ठेवा. दुसरा नाय माझ्याकडं."

मला आजवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. खाली बघितलं तर कोयता तिने पदराखाली घट्ट धरला होता.

"मावशी, आम्ही कॉलेजच्या मुली आहोत," मी म्हटलं. "परेड करायला आलोय."

"मंग फारेस्टचे कपडे कशाला घातले?" तिने विचारलं. जंगलखात्याच्या रखवालदारांची खाकी आणि आमची, लांबून सारखीच दिसत होती.

तिचं नाव बुधीबाई. वाडी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, आमच्या वाटेच्या बरोबर उलट. तिला पाऊल टेकवत नव्हतं आणि बाकीच्या बायका काही केल्या झाडीबाहेर येईनात. कविता घड्याळ बघत हळूच म्हणाली, "वैशाली, तिच्या बायका आपण गेल्यावर येतीलच ना." ते खरंच होतं. पण आम्ही गेल्यावर येतील, म्हणजे आमच्यामुळेच येत नव्हत्या. मी तुकडीला थांबवलं आणि मोळ्या उचलायला सांगितल्या.

सांगणं सोपं होतं. पहिल्याच मोळीने माझी मान आखडली. बुधीबाईला ते बघवेना. कविताच्या खांद्याला धरून ती एका पायावर उभी राहिली, माझ्या टोपीची गुंडाळी करून तिची चुंबळ केली आणि मोळी नीट तोलून माझ्या डोक्यावर ठेवली. "मान ताठ. खाली नको बघू." इतक्या महिन्यांच्या परेडमध्ये हेच ऐकत आले होते. झाडीतून आधी खुसखुस ऐकू आली, मग मोठ्याने हसणं, आणि एकेक बाई बाहेर आली. त्यांनी आमच्या डोक्यावरच्या निम्म्या मोळ्या काढून घेतल्या. दोघींनी बुधीबाईला आधार दिला. "कापडाचा तागा परवडला," म्हणत कविता शेवटपर्यंत कुरकुरत राहिली, पण मोळी काही तिने खाली ठेवली नाही.

वाडीत गुळाचा कोरा चहा मिळाला आणि तांदळाची भाकरी. सोबत मिरचीचा ठेचा, तो खाऊन आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या. निघताना बुधीबाई ओट्यावरून ओरडली, "रोज येत जा गं पोरीनो! आमचा फेरा वाचंल."

तळावर पोहोचलो तेव्हा दुसरी तुकडी जेवून भांडी घासत होती. सुभेदारसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, माझी चुरगळलेली टोपी उलटसुलट करून पाहिली. "काम बुरा नहीं किया," ते म्हणाले. "पर जो पहले आया, वो पहले आया." हुद्दा गेला. मला रडू आलं. रागही आला, स्वतःचा आणि खोटं कशाला बोलू, थोडा बुधीबाईचासुद्धा.

शिबिराचे बाकीचे दिवस रडतखडत गेले. परत येताना ट्रकने मला अंबरनाथला सोडलं. घरी बाबा नुकतेच कारखान्यातून आले होते, बुटाची नाडी सोडत बसले होते.

"मिळाला?"

"नाही."

मग सगळं सांगितलं. लाकडं, कोयता, साहेब, सगळं. हुद्दा गेल्याचं त्यांना वाईट वाटेल किंवा बरं वाटेल, दोन्हीची तयारी ठेवली होती. त्यांनी भलतंच विचारलं.

"त्या बायका तुला बघून पळाल्या, तेव्हा कसं वाटलं?"

"लाज वाटली."

बाबांनी एक बूट काढून हातात घेतला.

"मी कारखान्यातल्या कुठल्याही खात्यात शिरलो की माणसं बोलता बोलता गप्प होतात," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली. मला कधी लाज वाटली नाही." मग बूट बाजूला ठेवून म्हणाले, "तू भर तो अर्ज."